हत्याराला पाय

मी कटर बोलतोय. झाडं कापायची मशीन. दुकानदारानं खोक्यावर माझं नाव चेन सॉ असं लिहिलेलं दाखवलं होतं, पण उंब्रजच्या आसपास त्या नावानं मला कुणी कधी हाक मारली नाही. इकडं लहानथोर सगळे कटरच म्हणतात. चालू असतो तेव्हा माझ्याच आवाजापुढं मला कुणाचं काही ऐकू येत नाही. आता बंद आहे, सोप्यात भिंतीला टेकून बसलोय, म्हणून चार शब्द बोलून घेतो. थकलोय हो. आता नाही बोललो तर राहूनच जाईल.

माझी तक्रार गंजाची नाही. साखळी बोथट झाली तरी तशीच रेटून दिवसभर राबवून घेतलं, त्याचीही नाही. हलक्या तेलावर दिवस काढले, तेही सोसलं. माझी तक्रार ऐकून तुम्ही कदाचित हसाल. या माणसांनी मला फार मान दिला. इतका, की त्या मानापायी एका भल्या माणसाचा पाय जाता जाता राहिला आणि दुसऱ्याचा जायच्या वाटेवर होता.

माझा जन्म कुठं झाला ते मला ठाऊक नाही. डोळे उघडले म्हणा, तर साताऱ्यातल्या एका दुकानाच्या काउंटरवर होतो. शेजारी फवारणीचे पंप, ड्रिल मशीन, ग्राइंडर अशी आमची सगळी बिरादरी. तिथं बसून मी माणसांची एक सवय पाहिली. मशीन विकत घ्यायचं आणि त्याला आवर घालणारी जी वस्तू बरोबर येते ती तिथंच काढून टाकायची. माझ्या शेजारच्या ग्राइंडरच्या पात्यावरचं झाकण गिऱ्हाइकानं काउंटरवरच काढायला लावलं. झाकण असलं की मोठं पातं बसत नाही म्हणे. डोळ्यांवर घालायचा चष्मा फुकट मिळाला होता, तो त्यानं गाडीच्या आरशाला अडकवला. बिचारा ग्राइंडर उघड्या तोंडानं पिशवीत बसून गेला. पुढं त्याचं काय झालं कोण जाणे.

मला घ्यायला आले ते लालासाहेब. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पण आपल्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो, तसे हेही मेजर. पिळदार मिशा, ताठ पाठ, आणि साठी आली तरी हातात जोर. पेन्शन होती, थोडा ऊस होता, पण रिकामं बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. बांधावरची झाडं तोडून द्यायचं काम ते गावात करत होते. कुऱ्हाडीनं होत नाही म्हणून कटर घ्यायला आलेले.

दुकानात अमृत नावाचा मेकॅनिक होता. त्यानं मला खोक्यातून काढलं, पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं ते सांगितलं, साखळीच्या तेलाची टाकी वेगळी आहे ती दाखवली. मग मला फरशीवर ठेवलं.

"आता चालू कशी करायची ते बघा मेजर. डावा हात ह्या पुढच्या मुठीवर. आणि उजव्या पायाचा बूट असा मागच्या मुठीत घालायचा, दाबून धरायचा..."

त्यानं खरंच बुटाचं टोक माझ्या मुठीत घातलं.

"पाय काढ!"

मेजरचा आवाज असा चढला की पलीकडं ड्रिल चालवून बघणाऱ्या माणसानं ड्रिल बंद केलं.

"आवं मेजर, चालू करायची रीतच ती हाय..."

"हत्याराला पाय लावतोस? आमच्यात रायफल नुसती हातातनं पडली तर ग्राउंडला चकरा मारायला लावायचे. पाय काढ आधी. आन् पाया पड त्याच्या."

अमृतनं पाय काढला. मला हात लावून तो हात छातीला नेला.  गिऱ्हाइकाशी वाद कोण घालणार?

त्याला पुढं आणखी एक गोष्ट सांगायची होती. माझ्या पुढच्या मुठीसमोर एक काळी दांडी आहे. ती पुढं ढकलली की साखळीला ब्रेक लागतो. इंजिन कितीही ओरडलं तरी साखळी जागची हलत नाही. पाय मुठीत आणि ब्रेक पुढं, असं करूनच मला चालू करायचं असतं. पण पायावरूनच वाजलं, त्यामुळं ब्रेकचं राहून गेलं. मेजरना ती दांडी म्हणजे हाताला काटे लागू नयेत म्हणून केलेला आडोसा वाटला, आणि पुढं कित्येक वर्षं तसंच वाटत राहिलं.

घरी आलो तर दारातच बनुबाई. मेजरांची बायको. तिनं माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाणी शिंपडलं, इंजिनच्या झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मी नवा होतो, मलाही बरं वाटलं. कौतुक कुणाला नको असतं?

दुसऱ्या दिवशी बिराप्पाशी गाठ पडली. जत तालुक्यातला धनगर. पूर्वी दरवर्षी मेंढरं घेऊन इकडं यायचा, शेतात खतासाठी मेंढरं बसवायचा. मेजरांच्या वावरातही त्याचा तळ असे. पुढं दुष्काळात कळप मोडला, आणि चुलत्याकडं यावं तसा तो मेजरांकडं येऊन राहिला. झाडावर चढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. वर चढून दोर बांधायचा, फांद्या कुऱ्हाडीनं उतरवायच्या, मग खाली मेजर माझ्याकडून बुंधा कापून घ्यायचे. दोघांची अशी जोडी जमली होती की एकमेकांना हाक मारायचीही गरज पडत नसे.

बिराप्पा मेजरांपेक्षाही सोवळा. मला हात लावायच्या आधी तो चपला चार हात लांब काढून ठेवायचा. एकदा ट्रॉलीतून उतरताना त्याच्या अंगठ्याचा जरासा धक्का मला लागला, तर गडी दिवसभर जेवला नाही. मला वाटलं, अरे बाबा, जेव. मला काही झालेलं नाही. पण माझं ऐकणार कोण?

तर अशी ही दोन देवभोळी माणसं आणि मी. कामं भरपूर होती. कुणाच्या बांधावरच्या सुबाभळीची सावली उसावर पडायची, कुठं वादळात झाड आडवं व्हायचं. प्रत्येक झाडाला मला दोनदा तीनदा चालू करावं लागायचं, आणि प्रत्येक वेळी मेजर मला हवेत धरायचे. डाव्या हातात मी लोंबकळत, उजव्या हातानं दोरीला हिसका. त्या हिसक्यासरशी माझं पातं खाली झुकायचं, इंजिन पेटायचं, साखळी लगेच धावायला लागायची, आणि मेजरांची मांडी तिथून वीतभर अंतरावर असायची.

दर वेळी ते अंतर थोडं कमीजास्त व्हायचं. मी दर वेळी मनात म्हणायचो, झालं, सुटलो. असं वर्षानुवर्षं म्हणत राहणं फार दमवणारं असतं.

आणि लोक! झाड पडणार म्हटलं की अख्खी वस्ती जमते. कुणी मोबाइल धरून बरोबर झाडाच्या खालीच उभा राहतो, कारण तिथून चांगलं दिसतं. कुणी म्हणतो, इकडं पाडा. कुणी म्हणतो, तिकडं पाडा. मेजर कानात कापूस घालायचे, तेवढीच त्यांची खबरदारी. एकदा सुनेनं, अंकितानं, हट्टानं मोटारसायकलचं हेल्मेट डोक्यावर घालायला लावलं. घाम येतो म्हणून त्यांनी ते बांधावर काढून ठेवलं आणि त्यात दुपारी बिराप्पानं शेंगा भरून आणल्या.

खंडेनवमीला मात्र आमचा थाट असायचा. बनुबाई घरातलं जे जे धारेचं असेल ते धुऊन पुसून ओळीनं मांडायची. मला पाटावर बसवायची, झेंडूची माळ घालायची. मेजर पांढरी टोपी घालून हात जोडायचे. बिराप्पा साष्टांग नमस्कार घालायचा. त्या दिवशी मला विश्रांती असे. पाटावर बसून मी या तिघांकडं बघायचो आणि मला खरंच यांची माया वाटायची. म्हणूनच तर जीव खालीवर व्हायचा.

व्हायचं ते झालंच.

दादासो म्हणून एक बागायतदार आहेत, त्यांच्या बांधावर काम होतं. सुबाभळीची रांग. सकाळपासून उन्हात तीन झाडं पाडून झाली होती. मेजरांचा डावा हात मला जाणवत होता, थरथरत होता. साठी उलटलेल्या माणसाचा हात तो, किती वेळ माझं ओझं पेलणार? चौथ्या झाडाला त्यांनी दोरीला हिसका दिला. मी पेटलो नाही. परत हिसका. नाही. बिराप्पा पलीकडं दोर ताणून उभा होता, तो म्हणाला, "मेजर, जरा बसू या की."

"एवढं एक पाडू, मग बसू," मेजर म्हणाले आणि त्यांनी रागानं जोरात हिसका दिला.

मी एकदम पेटलो. गरम इंजिन, उघडं थ्रॉटल, ब्रेक नाही. त्यांचं दमलेलं मनगट वळलं आणि मी खाली आलो. डाव्या गुडघ्याच्या वर.

मला लाकूड आणि मांडी वेगळी कळत नाहीत. कळली असती तर हे सांगायची वेळच आली नसती. मी हातातून सुटून पाचटात पडलो आणि आपोआप बंद झालो. त्यानंतर जे ऐकलं ते अजून कानात आहे. मेजर ओरडले नाहीत. "बिरू," एवढंच म्हणाले, फार हळू.

बिराप्पानं डोक्याचा पटका सोडला आणि तो अख्खा लांबलचक पटका मेजरांच्या मांडीला आवळून बांधला. तोंडानं बिरोबाचं नाव, डोळ्यांना धारा, पण हात एकदाही थांबले नाहीत. दादासोंनी पिकअप आणली. कराडला पोचेपर्यंत बिराप्पानं मांडीवरची पकड सोडली नाही म्हणतात. तिथून पुढं मिरजेला नेलं, मोठं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, त्या पटक्यानं जीव वाचला.

मी तीन दिवस त्या पाचटातच पडून होतो. कुणाला माझी आठवण असायचं कारणही नव्हतं.

मेजर घरी आले तेव्हा पाय होता, पण गुडघा भार घेत नव्हता. काखेत कुबडी. ताठ पाठीचा माणूस असा एका बाजूला झुकून चालताना बघवत नव्हतं. दिवसभर ते अंगणातल्या बाजेवर बसून राहायचे आणि मांडीवरून हात फिरवायचे.

बनुबाईनं आपल्या परीनं निदान केलं. हत्यार कोपलं! गेल्या दसऱ्याला निवद दाखवायला उशीर झाला होता, म्हणून कोपलं. बिराप्पाचा अंगठा लागला होता, म्हणून कोपलं. मग माझी सेवा दुपटीनं सुरू झाली. लाल कापडावर बसवलं, मुठीला लिंबू-मिरची बांधली, अमावास्येला नारळ फुटायला लागला. शेजारच्या धोंडुबाई नातवाला घेऊन येऊन माझ्या पाया पडून गेल्या. मी देव झालो. देव होण्यात काही सुख नाही, हे मी अनुभवानं सांगतो. देवाच्या साखळीला कुणी धार लावत नाही, फिल्टर कुणी झाडत नाही, आणि खोबऱ्याला लागलेल्या मुंग्या थेट इंजिनात शिरतात.

मला सारखं वाटायचं, ओरडून सांगावं, बाई गं, मी कोपलो नव्हतो. मला कुणी धरलंच नव्हतं.

पावसाळा सरला. ऊसतोडीचे दिवस जवळ आले, तशी बांध मोकळे करून द्या म्हणून माणसं दारात यायला लागली. मेजर बसलेले. शेवटी एक दिवस बिराप्पा म्हणाला, "उद्यापासनं कटर मी चालवतो. तुमी नुस्तं सांगा."

माझ्या पोटातलं पेट्रोल गार पडलं. या सोवळ्या गड्याकडून मी हवेतच चालू होणार, आणि तेही अनवाणी पायांच्या वर. त्याला मेजरांइतकीही सवय नव्हती. त्याचे ते पाय! त्या पायांनी तो झाडावर चढायचा, त्याच पायांवर त्याचं पोट होतं. मेजरांना निदान पेन्शन होती.

सकाळी बिराप्पा आंघोळ करून आला. नवा पटका बांधला होता. चपला तुळशीपाशी काढल्या. माझ्यापुढं डोकं टेकलं, मला उचलून अंगणात आणलं आणि डाव्या हातात धरलं.

"खाली ठेव ते, बिरू."

बाजेवरून मेजर बोलले. इतक्या दिवसांत एवढ्या ठाम आवाजात ते पहिल्यांदाच बोलत होते.

"का वं मेजर?"

"जमिनीवर ठेव. आन् मागच्या मुठीत पाय दे."

बिराप्पा त्यांच्याकडं बघतच राहिला. "पाय? हत्याराला?"

"व्हय, पाय. दुकानात त्या पोरानं दावलं व्हतं. मीच त्याच्या अंगावर गेलो. मिरजेला पडल्या पडल्या दुसरं काय केलं मी? त्योच पाय डोळ्यापुढं येत व्हता. त्यो मशीन दाबून धरत व्हता रं. मी काढायला लावला."

सोप्यात बनुबाई भाजी चिरायला बसली होती. तिनं ऐकलं आणि तिथूनच आवाज टाकला. "आवं, काय बोलताय ह्ये? आदीच कोपलंय त्ये. तुमचा पाय घेतला, आता भावजींचा घालवायचाय व्हय?"

"त्याचा वाचवायचाय म्हणून बोलतोय."

"वैनी बरुबर बोलत्यात," बिराप्पा म्हणाला. "मेजर, तुमचा शबुद मी कवा मोडला न्हाई. पर ह्ये माझ्याच्यानं व्हनार न्हाई. पाय गेला तर जाऊ दे, हत्याराला पाय लावनार न्हाई."

"बिरू, ऐक माझं. ही ऑर्डर हाय."

"ऑर्डर तुमच्या पलटणीत. हितं बिरोबा हाय."

मेजर उठले. कुबडी न घेताच उठले. स्वतःचाच पाय माझ्या मुठीत घालून दाखवायचा त्यांचा इरादा होता. दोन पावलं टाकली आणि गुडघा दुमडला. बिराप्पानं मला खाली टाकून त्यांना वरच्यावर धरलं, बाजेवर नेऊन बसवलं. मेजरांनी त्याचा हात सोडला नाही. "माझी शप्पत हाय तुला," ते म्हणाले. मोठ्या मिशांचा तो माणूस रडत होता.

बिराप्पाही रडत होता. पण हात सोडवून घेऊन तो माझ्याकडं परत आला. हट्टी जात! त्यानं मला उचललं, डाव्या हातात लोंबकळत धरलं आणि दोरी ओढली. मी पेटलो नाही. परत ओढली. इतके दिवस बंद होतो, मुंग्यांनी घर केलं होतं, पेट्रोल वर चढत नव्हतं. एरवी मला या दुर्लक्षाचं वाईट वाटलं असतं. त्या सकाळी मी त्या मुंग्यांचे आभार मानत होतो. पण किती वेळ? आणखी एक हिसका, दोन हिसके, मग मी पेटणारच. ते माझ्या हातात नाही.

सोप्यात बनुबाई लाल भोपळा चिरत होती. जून, टणक भोपळा. दोन्ही हातांनी फोड धरून ती विळीवर जोर देत होती आणि नजर अंगणात होती, बिराप्पाच्या उघड्या पायांवर. एकदम ती थांबली. मला दारातून दिसत होतं. ती खाली बघत होती. विळीच्या पाटावर तिचा उजवा पाय होता, टाच रोवून दाबलेला.

"भावजी, थांबा!"

बिराप्पाचा हात दोरीवर तसाच राहिला.

"हिकडं बगा. ही इळी. हत्यारच हाय न्हवं ही बी?"

"व्हय वैनी."

"खंडेनवमीला पयलं कुकू मी हिला लावते. तुमच्या कटरच्या बी आदी. आन् रोज दोन येळा हिच्यावर पाय देऊन बसते. आईनं असंच शिकिवलं. पाय हलला तर ही कलंडती आन् बोटं घेती." ती स्वतःच स्वतःच्या बोलण्यानं चकित झाली होती. "दोनी हात भाजीत गुतल्याले असत्यात. मग हिला धरायचं कशानं? पायानंच की. मग इतकी वर्सं मी पाप करत आले व्हय?"

 मेजरांनी डोळे पुसले. बनुबाई उठली, हाताला भोपळ्याचा गर तसाच, अंगणात आली आणि माझ्या मुठीची लिंबू-मिरची तिनं स्वतःच्या हातानं तोडून टाकली.

"तुमचं बी दोनी हात गुतत्यात. एक मुठीत, एक दोरीला. ऱ्हायला पाय. द्या पाय. माझ्या इळीनं मला कवा काय केलं न्हाई."

बिराप्पानं मला खाली ठेवलं. त्याचा चेहरा शाळेत फळ्यापुढं उभं केलेल्या पोरासारखा झाला होता.

"आन् अनवाणी नगं," मेजर बाजेवरून म्हणाले. "माझं बूट घाल. पलंगाखाली हायत."

"बूट बी?" बिराप्पा कळवळला. "मेजर, एका सकाळी किती पापं करायला लावताय?"

बनुबाई हसली. अपघात झाल्यापासून त्या घरात कुणी हसलेलं मी ऐकलं नव्हतं. तिनंच बूट आणले. ते बिराप्पाला मोठे झाले, तर पुढं चिंधी कोंबली. आणि मेजर विचार करत म्हणाले, "ती काळी दांडी बी पुढं ढकलून बघ रं. त्यो पोरगा तिला बी हात लावायला निघाला व्हता. कशाला असंल ती?"

बिराप्पानं दांडी ढकलली. कट्ट आवाज झाला. त्यानं साखळी हातानं ओढून पाहिली, जागची हलेना. मेजर आणि तो एकमेकांकडं बघायला लागले. इतकी वर्षं ती दांडी त्यांच्या हातासमोर होती.

मग बिराप्पानं हात जोडले, डोळे मिटले, ओठ हलवले आणि माझ्या मागच्या मुठीत बूट घातला. आधी हलकासा. मग मेजर म्हणाले, "दाब," तेव्हा पुरा भार देऊन.

ते वजन मला अजून आठवतं. मला लोकांनी खांद्यावरून मिरवलं होतं, माळा घातल्या होत्या, पण असं घट्ट कुणी धरलं नव्हतं. जमीन खाली, बूट वर, डावा हात पुढं. मला कुठंच जाता येत नव्हतं. दोरी ओढली, मी खोकलो, मुंग्या उडाल्या, धूर झाला आणि मी पेटलो. सगळ्या जोरानं ओरडलो. आणि साखळी जागच्या जागी. बिराप्पानं एक डोळा उघडून स्वतःच्या पायांकडं पाहिलं, मग दुसरा उघडला.

त्या दिवशी त्यानं दोन झाडं पाडली. रात्री जेवताना बनुबाईनं त्याच्या ताटात भोपळ्याची भाजी दोनदा वाढली.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. मेजरांचा गुडघा काही पूर्वीसारखा झाला नाही, होणारही नाही. ते बांधावर खुर्ची टाकून बसतात, बघ्यांना लांब हाकलतात, बिराप्पाला डोक्यावर हेल्मेट आणि डोळ्यांवर चष्मा घालायला लावतात. तो कुरकुरत घालतो. मी सुरू होताना मेजर माझ्याकडं बघतच नाहीत. त्यांची नजर बिराप्पाच्या बुटावर असते. बूट मुठीत गेला की मगच ते डबा उघडून तंबाखू काढतात.

मीही आता उताराला लागलोय. पिस्टन घासलाय, सकाळी लवकर पेटत नाही, धूर जास्त टाकतो. पुढच्या हंगामाला नवा कटर आणायचं घरात बोलणं चाललंय. आणा. मला वाईट वाटत नाही. फार आवाज केला मी आयुष्यात, आता गप्प बसावंसं वाटतं. काल बिराप्पानं मला जमिनीवर ठेवलं, दांडी ढकलली, बूट घातला आणि दोरी ओढली. हात जोडायला विसरला. त्याच्या ध्यानातही आलं नाही. मला मनापासून बरं वाटलं.

पण त्या नव्याला घरी आणाल तेव्हा, आणि तुमच्यापैकी ज्याच्या ज्याच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल त्यांनाही, एवढंच हात जोडून सांगतो. खंडेनवमीला कुंकू लावायचं तर लावा. माळ घाला, नारळ फोडा, मी नको म्हणणार नाही. पण दोरीला हात घालायच्या आधी मला जमिनीवर ठेवा, ब्रेक लावा, आणि बूट घातलेला पाय माझ्या मुठीवर ठेवून पुरा भार द्या. मी रागावेन म्हणून भिऊ नका. मला राग येत नाही. तशी दयाही येत नाही. म्हणून पाय ठेवा.